धोंडीबाचा अंगठा

द्वारकाबाई, मी तुमची शेजारीण, तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते. आता रागवायला तुम्ही नाहीत, म्हणून धीर होतो.

त्र्याऐंशी सालची, आंध्रातल्या वांकिडीतली निवडणूक. नवरा होता तोवर द्वारकाबाईनं त्याच्याच पक्षावर शिक्का मारला. "पक्ष बदलशील तं मेल्यावरबी येऊन तुयं मत फिरवीन," धोंडीबा दम द्यायचा. तो जाऊन वर्ष झालं, आणि तिनं पहिल्यांदाच आपल्या मनानं नव्या पक्षाला मत दिलं.

निघताना तिनं मतदार यादी घेऊन बसलेल्या गुरुजींना हसत विचारलं, "आमच्या बुढ्याचं नाव खोडलं ना जी?"

"काऊन खोडू? ते तर सकाळीच मत देऊन गेले."

मतपत्रिका फाडल्यावर पुस्तकात उरलेला तुकडा गुरुजींनी दाखवला. त्यावर निळा अंगठा होता आणि अंगठ्यावर विळ्याच्या जखमेची आडवी रेघ. धोंडीबाच्या अंगठ्यावर होती, तशीच.

"आलाच मेला," ती पुटपुटली.

ती घरी आल्यावर मी तिला फटकारलं, "अहो, कुणीतरी बोगस मत टाकलं असेल!"

"अन् थे रेघ कोनं काढली, बाई?"

द्वारकाबाई, नाव कमी करायला तुम्ही मला धोंडीबाच्या मृत्यूचा दाखला तहसिलीत द्यायला सांगितला होता. तो अजून माझ्याच पेटीत आहे.