एक कादंबरी, एक इतर

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी रसायनात नापास झाले आणि वडिलांनी मला घरी बसवलं. ते शाहूपुरीतल्या एका शाळेत मास्तर. मास्तरांची मुलगी नापास, हे त्यांना फार लागलं. ओरडले नाहीत. “आता स्थळं बघू,” एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलायचे जवळजवळ बंद झाले.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी अठरा वर्षांची. सकाळची कामं उरकली की दिवस संपता संपत नसे. खिडकीशी जा, मागच्या दारी ये, परत खिडकीशी. समोरच्या अडत दुकानांतून येणाऱ्या गुळाच्या वासाचीसुद्धा चीड यायची. “पायाला भिंगरी लावलीयास काय गं?” आई वैतागायची. शेवटी तिनंच मला जवळच्या वाचनालयाचं कार्ड काढून दिलं.

वाचनालय म्हणजे एका दुकानाच्या माडीवरची लांबट खोली. तिथले ग्रंथपाल पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज खाली रस्त्यावर ऐकू जाईल असा. पहिल्या दिवशी मी दोन कादंबऱ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक उचलून बाजूला सारली.

“एका कार्डावर एक कादंबरी, एक इतर. नियम हाय.”

“इतर म्हणजे?”

“कादंबरी सोडून सगळं. जग काय एवढंसं हाय व्हय?”

मागच्या कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक मी ओढलं. ते मधमाश्या पाळण्याविषयी होतं. कादंबरी दुसऱ्या दिवशी दुपारीच संपली. मधमाश्यांचं एक पानही उलटलं नव्हतं. मी दोन्ही घेऊन परत गेले.

“राणीमाशी पोळं सोडून कधी बाहेर पडती?” त्यांनी विचारलं.

मी पुस्तकाचं मुखपृष्ठ बघू लागले.

“म्हणजे वाचलं न्हाईस. जा घेऊन. दोन्ही वाचल्याबिगर नवीन मिळणार न्हाय.”

“हा बी नियमच हाय काय, काका?”

“हा माझा नियम.”

घरी येऊन रागारागानं वाचायला बसले. तिसऱ्या प्रकरणाला कधीतरी राग विसरले आणि संध्याकाळी आईनं दिवा लावायला हाक मारली तेव्हा माझ्या कानांत नुसती गुणगुण चालली होती.

मग वर्षभर तसंच चाललं. रडक्या नायिकांच्या कादंबऱ्या, खुनाचा तपास लावणाऱ्या कादंबऱ्या, राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या. आणि त्यांच्या जोडीला बर्फात अडकलेल्या जहाजाची हकीकत, माणसाच्या हृदयाचं काम, एका सुइणीच्या आठवणी, भूकंप कसे होतात ते. मला वाटलं होतं, वाचून जीव रमेल. झालं उलटंच. कादंबरीतली बाई रडायला लागली की मला प्रश्न पडे, डोळ्यांतलं पाणी खारट का? हृदयाच्या आकृत्या बघताना वाटे, हे ज्याचं होतं तो माणूस कोण असेल, त्याच्या घरी कोण असेल? एक पुस्तक अर्धं ठेवून दुसरं धरायचं, ते टाकून परत पहिलं. सांगायला कुणी नाही.

“आई, आपल्या पायाखालची काळी माती आधी लाव्हा होती.”

“असंल. तांदूळ निवड.”

पुढच्या उन्हाळ्यात कुरुंदवाडचं स्थळ आलं. नदीकाठी ऊस करणारं घर, मुलगा पदवीधर, शेती बघणारा. आई-वडील आणि तो, असे तिघं आले. मुलाच्या आईनं मला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. मुलगा स्वतःच्या पायांकडे बघत होता. मग त्याचे वडील माझ्या वडिलांशी शेतीचं बोलू लागले.

“नदीकडंचं दोन एकर चोपण झालंय, मास्तर. रान पांढरं पडलंय, ऊसच येत न्हाय.”

चोपण जमिनीवरची एक पुस्तिका मी गेल्याच आठवड्यात वाचली होती. बोलायचं नाही हे कळत होतं, पण तोंड आवरलं नाही.

“पाणी लई दिलं असंल. त्यानं खालचं मीठ वर येतं. चर खणून पाणी भायेर काढाय पायजे.”

वडिलांनी मान खाली घातली.

“तुला कुणी सांगितलं?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“वाचलो,” मी म्हणाले. आमच्याकडे मुलीही ‘आलो, गेलो’च म्हणतात.

“आन् आमच्या काळ्या रानात किती अंतरावर चर खणायचे?”

“त्ये पुस्तकात नव्हतं. मला म्हाईत न्हाय.”

ते मोठ्यानं हसले. “ह्ये बरं हाय. म्हाईत न्हाय त्ये न्हाय म्हणती.” तेव्हा मुलानं पहिल्यांदा वर पाहिलं.

पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, “मुलगी बघायला आले होते ते. व्याख्यान ऐकायला नव्हे.”

पण आठ दिवसांनी पसंतीचं पत्र आलं. घरात आनंदीआनंद. मलाही दोन दिवस बरं वाटलं. चर खणलेलं ते रान मी डोळ्यांपुढं आणून बघत होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, आणि मग पुढं? खिडकी ते मागचं दार अशा माझ्या फेऱ्या परत सुरू झाल्या. जेवताना मी म्हणाले, “मी त्या घरी जात न्हाय.”

“मुलगा वाईट हाय?” आईनं विचारलं.

“न्हाय. चांगला हाय.”

“मग?”

“काय पायजे ते मलाच अजून कळंना झालंय. पण मी परत कॉलेजात जातो. रसायन सोडून भूगोल घेतो.”

वडील पानावरून उठले. आई त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, “वरीसभर घरात बसवून काय झालं? पोरगी पिंजऱ्यात फिरल्यागत फिरती. जाऊ द्या तिला.”

दुसऱ्या दिवशी वडील कुरुंदवाडला पोस्टकार्ड लिहायला बसले. दोन फाडली. तिसरं त्यांनी माझ्यापुढं धरलं. मुलगा आणि घर दोन्ही उत्तम आहेत, दोष आमचा, मुलीला अजून शिकायचं आहे, एवढंच लिहिलं होतं.

“बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

वर्षभरात त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी मान हलवली. ते स्वतः जाऊन कार्ड पेटीत टाकून आले.

जूनमध्ये मी पुन्हा कॉलेजात गेले. वर्गातल्या मुली माझ्याहून लहान, जुन्या मैत्रिणी पुढं गेलेल्या. पहिला आठवडा कशातच लक्ष लागेना. तासाला बसले की उठून जावंसं वाटे. तरी रोज गेले.