मिस्त्री आणि बिनधुराची गाडी

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी एकच वस्तू केली, ती म्हणजे स्कूटरचा सायलेन्सर. पत्रा वाकवून नळी करायची, आत जाळ्या बसवायच्या, दोन्ही तोंडांना वेल्डिंगचा टाका मारायचा आणि पुढची उचलायची. एका मोठ्या जुन्या कंपनीच्या स्कूटरींना हे सायलेन्सर लागत. मिस्त्री ज्या लहानशा कारखान्यात कामाला होते, तो त्या कंपनीच्याच जिवावर चाले. ठिणग्यांनी हात असे पोळलेले, की बायको म्हणायची, "तुमच्या तळहातावर नशीब वाचायला ज्योतिषी बसला, तर चष्मा फोडून घरी जाईल."

गल्लीच्या लेखी मात्र मिस्त्री म्हणजे गाड्यांतले दर्दी. कोणाला गाडी घ्यायची झाली की आधी त्यांच्याकडे येणार, आणि त्यांनी मान हलवली की सौदा पक्का. नळीपलीकडे आपल्याला फारसं कळत नाही हे ते मनातून जाणून होते. पण मोठेपणा कोणाला नको असतो?

नव्या नव्या कंपन्यांनी विजेच्या स्कूटरी आणल्या तेव्हा मिस्त्री निवांत होते. "खेळणी आहेत," म्हणायचे. "आपली कंपनी असल्या भानगडीत पडणार नाही." आणि त्यांची कंपनी पडली. उशिरा पडली, पण आपलं जुनं नाव लावून तिनेही विजेची स्कूटर काढली. त्या दिवशी कारखान्यात एक जण म्हणाला, "मिस्त्री, आता या नळ्यांना भोकं पाडू आणि बासऱ्या विकू." सगळे हसले. पण त्या दुपारी डबे अर्ध्यावरच झाकले गेले.

त्यातच लेकीला नोकरी लागली. कुठे, तर त्याच कंपनीच्या शोरूममध्ये, विजेच्या गाड्यांच्या काउंटरवर. शोरूमच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, "काउंटर चाललं तर तू कायम. नाही चाललं तर काउंटरही नाही आणि तूही नाहीस."

एका संध्याकाळी ती गिऱ्हाइकांना दाखवायची गाडी घरी घेऊन आली. मिस्त्री उकिडवे बसले आणि सायलेन्सर असतो त्या उजव्या अंगाने खालून बघू लागले.

"इथं काहीच नाही गं."

"नसतंच बाबा तिथं काही."

"अहो, खाली काय शोधताय?" बायको दारातून म्हणाली. "वरून बघा की. रंग किती छान आहे!"

मिस्त्री उठले, हात झटकले आणि आत गेले. रात्री जेवताना बायको म्हणाली, "एकाला वाटतं गाडी पडावी, दुसरीला वाटतं धावावी. मी देवाजवळ काय मागू ते तुम्ही दोघं आधी ठरवा." लेक हसली.

लेकीच्या पोटावर पाय देण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्यामुळे कोणी विचारलं तर 'घेऊ नका' असं ते चुकूनही म्हणत नसत. फक्त म्हणत, "थांबा थोडं. भाव उतरतील. बॅटरीचं काय होतंय ते तरी कळू द्या." त्यांच्या हिशेबाने याने साप मरणार होता आणि काठीही तुटणार नव्हती.

एका रविवारी शेजारचा शिंपी आला. लेक कोपऱ्यात शोरूमच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"मिस्त्री, ताईंनी गाडी चालवून दाखवली, मला आवडली," शिंपी म्हणाला. "या गुडघ्यांनी आता किक मारवत नाही. दुकानादुकानांत कपडे पोचवायचे तर गाडी हवीच. त्या नव्या कंपन्यांचा काय भरवसा, आज आहेत उद्या नाहीत. तुमची कंपनी कुठे पळून जात नाही. तुम्ही हो म्हणा, उद्याच घेतो."

इस्त्री थांबली. लेकीने मान मात्र वर केली नाही.

हो म्हणायला मिस्त्रींनी तोंड उघडलंही. पण डोळ्यांपुढे कारखान्यातलं आपलं बाक आलं, नळ्यांची रास आली, आणि ती रास लहान लहान होत गेलेली दिसली.

"थोडं थांबा, दादा," ते म्हणाले. "पुढचं मॉडेल येऊ द्या."

शिंप्याने मोठा श्वास सोडला. "वाटलंच मला! घरची गाडी असून तुम्ही खरं बोललात. उगीच नाही लोक तुम्हाला विचारत." आणि हीच गोष्ट जाताना त्याने दारोदार सांगितली.

तो गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आजवर किती जणांना असं थांबवलंत?"

"मी कोणालाच नको म्हटलं नाही."

"नको म्हणाला असतात तर बरं झालं असतं. 'नको' ऐकून आलेला माणूस माझ्याशी वाद तरी घालतो. थांबायचं ठरवून आलेला नुसता हसतो, गाडीवरून हात फिरवतो आणि निघून जातो."

पुढे वर्ष सरत आलं आणि मालकांनी काउंटर बंद करायचं ठरवलं. लेकीच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मिस्त्री कामावरून तसेच, मळक्या कपड्यांत, शोरूममध्ये गेले.

"साहेब, पोरीला ठेवा," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगतो, घ्या म्हणून. शिंप्याला तर आत्ता घेऊन येतो."

"शिंप्याने पोचवायला भाड्याने माणूस लावलाय," मालक म्हणाले. "कालच भेटला. म्हणाला, विजेची अजून नको, आणि पेट्रोलची आता कोण घेतो? मिस्त्री, सगळे हेच बोलतात. या, तुम्हाला दाखवतो."

मागच्या गोदामात पेट्रोलच्या स्कूटरी दाटीने उभ्या होत्या. सीटवरचे प्लॅस्टिक तसेच, त्यावर धुळीचा थर. मिस्त्रींनी वाकून एका सायलेन्सरवर हात ठेवला. टाका त्यांच्याच कारखान्यातला. आतून धूर कधी गेलाच नव्हता.

"याही उभ्याच?"

"लोक थांबलेत, मिस्त्री. थांबलेला माणूस दोन्हींतलं काहीच घेत नाही. कंपनीला कळवलंय, नवा माल पाठवू नका म्हणून."

मिस्त्रींना खाली बसावंसं वाटलं. पण बसायला तिथं त्या सीटांखेरीज काही नव्हतं.

लेक फाटकाशी बॅग घेऊन उभी होती. "काय म्हणाले?"

"मागे नेलं मला."

"गोदामात?"

"तुला ठाऊक होतं?"

"कधीचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमची झोप उडाली असती."

हिने निदान एकदा तरी आपल्यावर ओरडावं असं मिस्त्रींना वाटलं. ती ओरडली नाही. बॅग या हातातून त्या हातात घेत तिने रस्ता धरला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बाबा, आईला दोन्ही एकदम नको सांगायला. आज माझं सांगू. तुमचं नंतर."