गोदाबाईचा हात

अकोल्याला मोर्णेच्या काठी गोदाबाईचा सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा मळा होता. सांबार कुणाला खोटा निघाला नाही, पण गोदाबाईला मात्र सगळं जग खोटं वाटे. गड्यानं मोटेचा दोर नवा आहे म्हटलं, की ती त्याचे पेड उलगडून आत बघायची. आभाळ भरलंय असं कुणी सांगितलं, तर याला आपल्याला लवकर घरी पिटाळायचं असेल, असा तिचा हिशेब. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि सरकार नागपुरात बसे. जे सरकार डोळ्यांना दिसत नाही त्यावरही तिचा भरवसा नव्हता. दहातल्या चार वेळी तिचा संशय खरा निघे, म्हणून तर खोड जात नव्हती.

तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, तो म्हणजे स्वतःच्या हातावर. सर्दीनं तान्ह्या लेकराची छाती भरली, श्वासासरशी बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, की त्याला डबा झाला म्हणत. मग लेकरू गोदाबाईकडे येई. ती हळकुंडाचं टोक निखाऱ्यात लाल करी आणि लेकराच्या पोटावर डाग देई. बाकीच्या बायका बेंबीभोवती चार डाग देत. गोदाबाई पाचवा देई, छातीच्या खड्ड्याखाली. पाच डागांचं पोट दिसलं की लोक ओळखत, हा गोदाबाईचा हात. एकीनं डागलेल्या पोटावर दुसरीनं हात चालवायचा नाही, डाग उलटतो, असा दंडक होता. हा दंडक देवानं घातला की डागणाऱ्या बायकांनीच, ते देव जाणे. भांडणं मात्र टळत.

त्या वर्षी मार्गशीर्षात घरातले सगळे शिंकत होते. गोदाबाईचा मुलगा देवीदास हंगामापुरता अमरावतीला कापसाच्या जिनात कामाला गेला होता. घरी ती, सून सत्यवती आणि दोन महिन्यांचा नातू सहदेव. सगळ्यांची सर्दी नाकातून वाहून गेली, सहदेवची छातीत उतरली. तो भराभर श्वास घ्यायला लागला, घशातून बारीक शिट्टी वाजू लागली, आणि छातीला लावलं की दोन घोट घेऊन तोंड फिरवी. गोदाबाईनं ओव्याची धुरी पेटवली आणि हळकुंड काढून ठेवलं.

"उद्या सकायी देऊ, मामी," सत्यवती म्हणाली. "आज अमावस हाये."

अमावस्या होती हे खरंच होतं. पण सून इतक्या चटकन बोलली, तिथंच गोदाबाईची भुवई वर चढली.

सकाळी गोदाबाई मोटेवर असताना सत्यवती लेकराला पोटाशी बांधून, सांबाराची टोपली घेऊन बाजाराला निघून गेली. दुपारी आली तेव्हा टोपलीत जुड्या तशाच, सुकलेल्या. बाजाराच्या दिवशी सांबार परत येतो?

"कुठी गेलती वं?"

"डाग देऊन आणला मामी. लेकरू लय घाबरं झालतं, तुमी मोटेवर होत्या." तिनं दुपटं जरासं उघडलं आणि लगेच झाकलं. "ताजे हायेत. हात नोका लावू."

बेंबीभोवती चार डाग. काळे, भोवती लाल कड.

गोदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खा अकोला जिच्या उंबऱ्याशी लेकरं आणतो, तिच्याच नातवाच्या पोटावर दुसरीचा हात! आणि आता दंडकामुळे तिला हात लावायची सोय नाही. लेकरू हातचं गेलं तर बघत बसायचं.

मग ती सुनेवर डोळा ठेवून बसली. जे दिसे ते विपरीतच. सत्यवती धुरीपाशी लेकरू ठेवीना. माडीवरच्या उन्हात नेऊन बसे. आडवं निजवायचं सोडून खांद्याशी उभं धरी. वाटीत दूध पिळून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजी, दर घडीला. सारखी त्याची नखं उजेडात धरून बघे. नखांत काय असतं? गोदाबाईला वाटलं, ही कुणाच्या तरी शिकवण्यानं चालली आहे, आणि शिकवणारीचं नाव आपल्याला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी ती नदी ओलांडून जुन्या शहरात गेली. मनकर्णाबाई फुलांच्या माळा ओवत बसली होती. तीही डाग देई, चार.

"माया नातवाले कावून हात लावला?"

"म्या?" मनकर्णाबाईनं सुई खाली ठेवली. "तुया घरच्या लेकराले म्या हात लावीन? मले काय गावात राहाचं नाई?"

"चार डाग हायेत."

"असतीन. माये नाई." ती गोदाबाईकडे बघून जरा थांबली. "तुयी सून म्या पायली, खोटं कायले बोलू. सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर बसलती लेकरू घेऊन. टोपली बाजूले होती, सांबार सुकून गेलता."

गोदाबाई वाटभर स्वतःशी बडबडत आली. मनकर्णाबाई खोटी, सून खोटी, आणि तो दवाखान्यातला डॉक्टर तर न बघताच खोटा; ते थेंब थेंब दूध, ते नखं बघणं, सगळी त्याचीच शिकवण. पण डॉक्टर हळकुंडानं डागत नाही. मग हे चार डाग आले कुठून?

घरी आली तेव्हा सत्यवती विहिरीवर गेली होती. सहदेव गोधडीवर उशाला टेकून निजला होता. गोदाबाईनं दुपटं बाजूला केलं. डाग बघायचे तर बोटाला तेल हवं, म्हणून तिनं वाटीतल्या तेलात अंगठा बुडवला आणि एका डागावर हळूच फिरवला.

डाग अंगठ्याला लागून आला.

तिनं अंगठा उजेडात धरला. काजळ, आणि कडेला कुंकू. खाली लेकराचं कातडं साफ, गुळगुळीत. एकही डाग नव्हता. सुनेनं तिच्याच दंडकाचं कुंपण घातलं होतं, तिलाच बाहेर ठेवायला.

गोदाबाईला आधी राग आला, आणि तो खराखुरा राग होता. चूल पेटलेली होती. हळकुंड फडताळात होतं. सून विहिरीवर होती, आणि आता अडवायला दंडकही नव्हता. तिनं हळकुंड निखाऱ्यात खुपसलं.

ते लाल होईपर्यंत बसायचं म्हणून ती लेकरापाशी येऊन बसली, आणि तिला दुर्गा आठवली. तिची पहिली पोरगी. तिलाही डबा झाला होता. गोदाबाईच्या सासूनं डाग दिले होते, पाच. पाचवा डाग तिथूनच आला होता. पोरगी रडून रडून थकली आणि तिसऱ्या दिवशी गेली. डाग उशिरा पडला म्हणून गेली, असं सासू म्हणाली. गोदाबाईही बत्तीस वर्षं तेच म्हणत आली. साऱ्या जगावर संशय घेणारी बाई, एवढ्या एका वाक्यावर तिनं कधी संशय घेतला नव्हता. आज घेतला.

सहदेव जागा झाला. गोदाबाईनं त्याच्या गालाला बोट लावलं, तर त्यानं ते तोंडात धरून जोरात ओढलं. तीन दिवसांत त्यानं असं काही ओढलं नव्हतं. शिट्टी अजून होती, पण बारीक. बरगड्यांखालचा खड्डा काल वाटीएवढा होता, आज नव्हता. बेट्याला भूक लागली होती.

गोदाबाई उठली. हळकुंड निखाऱ्यातून काढून तिनं पाण्याच्या घंगाळात टाकलं. मग सुनेची काजळाची डबी शोधली आणि पुसलेला डाग पुन्हा काढायला बसली. हात सवयीनं चालला.

सत्यवती पाणी घेऊन आली. घागर उतरवून तिनं आधी दुपटं उघडलं, आणि तिथंच थबकली. घंगाळाच्या तळाशी काळं हळकुंड पडलं होतं. तिनं घाबरून लेकराच्या पोटावर हात ठेवला. हाताला काजळ लागलं. मग तिनं डाग मोजले. तिनं चार काढले होते. पाचवा छातीच्या खड्ड्याखाली होता.

गोदाबाई पाठ करून सांबाराच्या जुड्या बांधत होती.

"भूक लागली त्याले, पाज," ती म्हणाली. "अन् दवाखान्यात जाशीन तं सांबार घरी ठेवून जात जाय. उगाच सुकते."