अकोल्याच्या दवाखान्यातला रुमाल

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा डोळ्यांत झोप आणि डोक्यात राग होता. नगरहून निघाल्यापासून दोनदा गाडी बदलली, राग मात्र तोच सोबत आला. खिशात धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, नामदेवचं पत्र होतं. शेवंता पोटुशी आहे, अमरावतीला तिचं रक्त तपासलं, त्यात गरमीचा, म्हणजे गुप्तरोग निघाला. त्याची आई म्हणते, तिला घेऊन जा.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. वऱ्हाड आता आपलाच म्हणत होते, पण मला तो परका वाटत होता. अमरावतीचं भाडं ठरवताना मी सवयीने निम्मं सांगितलं. टांगेवाला म्हणाला, "येवढ्यात नुसता टांगा येते बाप्पा. घोड्याच्या जागी तुमी लागा." जन्म बैलांच्या बाजारात घालवलेला मी, एका वाक्यात गप्प झालो.

पुढे शेवंताच्या सासरी, वलगावपर्यंत दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी होती. गाड्यांतला कापूस बाभळींनी ओरबाडून घेतला होता.

घरी मला पाट मांडला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर जवसाची चटणी. शेवंता दाराबाहेर वेगळ्या जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) ताटलीत जेवत होती.

"तुमच्या घरूनच आणलं हे दुखणं," नामदेवची आई म्हणाली. "घेऊन जा, भाऊ."

"पोरीचं रक्त पाहिलं. पोराचं कोणी पाहिलं?"

"त्याचं काहून (कशाला) पाहाचं? तो पोटुशी हाय का?"

मी ताट सारलं आणि सौदा टाकला. नामदेवचं रक्त स्वच्छ निघालं, तर उद्याच बहिणीला नेतो, पुन्हा या दारात येणार नाही. नाही निघालं, तर ती इथेच राहील, मानानं, आणि तिचं औषध सुरू होईल. म्हातारी खुशाल "हो" म्हणाली. नामदेव जमिनीकडे बघत होता.

अमरावतीत रक्त बाहेरगावी पाठवत, उत्तराला आठवडे लागत. अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे मात्र नवी काचेवरची तपासणी होती, त्याच दिवशी निकाल. शिवाय तिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं निघालो. मूर्तिजापूरला चाक बसलं. तिथे आलूबोंडा खाल्ला आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. नामदेवनं आपला तांब्या पुढे केला. मी तो घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

अकोल्यात जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ती संपेपर्यंत नामदेवनं मान वर केली नाही. लग्नाआधी तो इथेच कामाला होता.

दवाखाना म्हणजे एक खोली, बाकावर दाटीवाटीनं माणसं. रक्त तपासणारे जानराव चांदूर बाजारचे, बैलांच्या दलालाचा मुलगा. रक्त घेऊन त्यांनी ते गोठू दिलं, वरचं पाणी वेगळं करून अर्धा तास गरम केलं. मग काचेवर त्याचा एक थेंब, औषधाचा एक थेंब, आणि चार मिनिटं काच हलवत राहिले. मी गावोगावी बैलांचे दात बघितलेत, पण तेवढी लांब चार मिनिटं कुठे काढली नाहीत.

"मोठ्यानं सांगा, काय निघालं," मी म्हणालो.

"ओरडून राहिले काहून, भाऊ? ज्याचं रक्त, त्याचाच हात."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल नामदेवच्या हातावर टाकला. आमच्या बाजाराचीच रीत! रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, तिसऱ्याला कळू द्यायचा नाही. इथे मूठ म्हणजे रोग नाही, एक बोट म्हणजे आहे. भरल्या बाकावर कोणाची अब्रू जाऊ नये म्हणून जानरावांनी बापाचा धंदा असा वापरात आणला होता. पहिल्यांदाच मी रुमालाच्या बाहेर होतो.

नामदेव माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या उपरण्याखाली हात घातला आणि माझं एक बोट धरलं. सोडलं नाही.

बाजारभर त्याचा धिक्कार करायचं मी ठरवून आलो होतो. पण रुमालाखालची गोष्ट तिसऱ्याला सांगायची नसते. "घरी तू सांगायचं," एवढंच म्हणालो. डॉक्टरांनी दोघांनाही सुया घ्यायला सांगितल्या. आता घेतल्या तर पोटातलं मूल वाचण्याची चांगली आशा आहे, म्हणाले.

वलगावला अंगणातच म्हातारीनं विचारलं, "काय निंगालं (निघालं)?"

नामदेव थांबला. मला वाटलं, फिरला गडी.

"माह्यापासून तिले लागलं, आई. तिचं ताट आत वाढ."

म्हातारी दाराबाहेरची जर्मनची ताटली उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी अमरावतीला पहिली सुई दोघांनी बरोबर घेतली, ती पाहूनच मी निघालो.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी पुन्हा पुन्हा हिशेब लावला. ठरल्याप्रमाणे सगळं मिळालं होतं. फक्त शेवंताची माफी कोणी मागितली नाही, आणि ती सौद्यात घालायची मीच विसरलो. त्याचा राग आजही आहे. स्वतःवर.