पाठवणीचा ठेका

रविवारी सकाळी मी एक जुनी तबकडी लावली. पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलेलं एक अमेरिकन ब्लूज गाणं जॅझच्या एका मोठ्या बँडने वाजवलं होतं. खरखरीतून ट्रम्पेट उसळलं आणि मागोमाग अख्खा ताफा. पेपर मागायला आलेले शेजारचे दत्तूमामा दारातच थबकले. मामांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं.

"गाणं दुःखाचं आहे हो," ते म्हणाले.

मी चकित झालो. गाण्यातली प्रेयसी खरंच सोडून गेली होती. पण मामांना इंग्रजी येत नाही आणि त्यांचा पाय तर मजेत ठेका धरत होता.

"मग इतक्या आनंदानं कसं वाजवतायत?"

"पाठवणीला आम्हीही असंच वाजवायचो. सूर रडका, पण ठेका चालता. नाहीतर नवरीचं पाऊल उचलायचं कसं?"

मला वाटलं, एकट्याचं दुःख बसून राहतं. पंधरा जणांनी मिळून वाजवलं, की तेही चालायला लागत असेल.

"तुमच्या लेकीच्या पाठवणीला कोणी वाजवलं?" मी विचारलं.

"मीच की!" मामा खळखळून हसले. "तोंडात क्लॅरिनेट असलं, की बापाला रडता येत नाही."