सदाच्या अंगणाचा उतार

आमच्या न्यू जर्सीच्या मंडळींत पॉटलकची, म्हणजे ज्याने-त्याने घरून पदार्थ आणायची, जेवणं आटोपली आणि चहा टाकला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ते सदाच्या ट्रॅक्टरचं सांग ना!" किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. गॅरेजमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे ते साचत जातात आणि एक दिवस गाडी आत जाईनाशी होते. सदाच्या अंगणाचे माझ्याकडे सात-आठ तरी असतील. पहिल्या काहींना लोक खदखदून हसतात. पुढचे मी सांगत नाही, विषय बदलतो. आज सांगून टाकतो.

आधी माणसं. सदा म्हणजे सदानंद देवधर, मूळचा साताऱ्याचा. विद्या त्याची बायको, आमची वहिनी. मध्या सिव्हिल इंजिनियर, ऑफिसात पुलांची ड्रॉइंग्ज काढायचा. आणि मी केमिस्ट, म्हणजे मातीकामाला बिनकामाचा. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. तेव्हा आमच्या पाठी शाबूत होत्या.

सदाने घर घेतलं ते जरा जास्तच पटकन मिळालं. तेव्हाच ओळखायला हवं होतं! मागचं अंगण उतरत होतं ते घराकडे. पाऊस आला की अख्ख्या अंगणाचं पाणी मागच्या भिंतीशी जमायचं आणि भिंतीतून झिरपत खालच्या खोलीत यायचं. घर स्प्लिट-लेव्हल, त्यामुळे ती खोली चार पायऱ्या खाली. कार्पेटला कायम कुबट वास. आणि नेमकी तीच खोली सदाने अप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी ठरवली होती. अप्पांना जुनाट दमा. ओल लागली की रात्र रात्र बसून काढायचे. आई गेल्यापासून सदा त्यांच्या मागे लागला होता, शेवटी ते हो म्हणाले. तिकीट थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याचं, नोव्हेंबरअखेरचं. काँट्रॅक्टर म्हणाला, "पुढच्या एप्रिलच्या आत जमणार नाही."

सदा म्हणाला, "मग आपणच करू."

त्या 'आपण'मध्ये मी कधी शिरलो, मला कळलंच नाही.

*

पेनसिल्व्हेनियात वॉल्टर नावाचा एक म्हातारा शेती बंद करत होता. त्याच्याकडून सदाने दोन जुने गार्डन ट्रॅक्टर आणले. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायच्या मशीनचा थोरला भाऊ. मागे नांगर लावा, पुढे माती ढकलायचं पातं लावा, छोटी-मोठी कामं करतो. हे दोघे आमच्या मुंजीच्या सुमाराला कारखान्यातून निघालेले. एक लाल होता, दुसऱ्याचा रंग कोणालाच सांगता येईना.

मध्याने विचारलं, "चालू होतात ना?"

वॉल्टर म्हणाला, "त्यांची इच्छा असेल तेव्हा होतात. माझंही आता तसंच आहे."

आम्ही हसलो. तो हसला नाही. ट्रेलरवर चढवताना त्याने लाल ट्रॅक्टरच्या सीटवरची धूळ हाताने झटकली. मुलांपैकी कोणालाच ते नको होते, म्हणाला. परत येताना पन्नास मैल मला तेच आठवत राहिलं. आम्हा तिघांच्याही घरची म्हातारी माणसं तिकडे होती आणि आम्ही इकडे.

*

अप्पांचं पत्र आलं. निळ्या एरोग्रामवर बारीक अक्षरात, कडेपर्यंत भरलेलं. "यंत्रे घेतलीस असे कळले. खंडेनवमीस त्यांची पूजा केल्याशिवाय मातीस लावू नयेस."

वहिनींनी नर्सरीतून झेंडूची रोपं आणून फुलं तोडली, हार केले. दोन्ही ट्रॅक्टर धुऊन ड्राइव्हवेवर उभे. हळद-कुंकू, उदबत्ती, नारळ, सगळं साग्रसंगीत! शेजारच्या मिसेस डॉली कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत होत्या. हारांकडे बोट दाखवून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गेला का तो?"

सदा म्हणाला, "नाही, अजून चालू व्हायचाय."

आणि दोरी ओढताच लाल ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात चालू झाला! अप्पांना हे कळवल्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "सांगितले नव्हते?"

*

मध्याने प्लॅन काढला. भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार, घरापासून दूर. सोपं आहे म्हणाला. पूल बांधणाऱ्या माणसाला सगळं सोपंच वाटतं. लेव्हल घ्यायचं यंत्र ऑफिसातून आणता येईना, म्हणून आपल्याकडचे गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरली. एक टोक माझ्या हातात, दुसरं सदाच्या. मध्या मध्ये उभा राहून ओरडायचा, "वर! खाली! अरे नळीत बुडबुडा आहे, यार!" अंगणभर खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीवर रेघ मारली.

दोन वीकेंड आम्ही राबलो. मध्याच्या मनात होतं, रेघेपर्यंत माती भरायची. माझ्या मनात होतं, रेघेपर्यंत माती काढायची. तो कुंपणाच्या टोकाला, मी घराच्या. एकमेकांना विचारायचं सुचलं नाही. शिकलेल्या माणसांना सुचत नाही.

रविवारी संध्याकाळी वहिनी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. कपातला उरलेला चहा त्यांनी जमिनीवर ओतला. त्याचा ओघळ ऐटीत घराकडे निघाला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तिघांच्या मिळून पाच डिग्र्या ना?"

सदा मात्र हसला नाही. मातीच्या ढिगावर बसून राहिला. तिकिटाला महिना उरला होता. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा घाबरलेला पाहिला, आणि चूक माझी होती म्हणून मला फार वाईट वाटलं.

*

पुढच्या आठवड्यात टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर आला. मातीच्या ढिगांबद्दल कोणीतरी फोन केला होता. सभ्य माणूस, हातात क्लिपबोर्ड.

"परमिट आहे?"

सदा म्हणाला, "आम्ही गार्डनिंग करतोय."

"दोन ट्रॅक्टर लावून?"

"वांगी लावायचीत."

इन्स्पेक्टरला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. म्हणाला, "मी आज काही पाहिलं नाही. पण या पत्त्यावरून टाउनला, गॅसला, फोन कंपनीला, कोणालाही तक्रार गेली, तर मला काम बंद करावं लागेल. मग परमिट येईपर्यंत फावडंसुद्धा उचलायचं नाही."

"परमिट किती दिवसांत येतं?"

"सहा आठवडे. कधी आठ."

तो गेल्यावर सदाने बोटांवर आठवडे मोजले. मोजण्यासारखं काही नव्हतंच.

*

मग तो शनिवार. रविवारी दिवसभर पाऊस, असं टीव्हीवर सांगितलं होतं. आणि आमचं अंगण अर्धं उकरलेलं! त्या अवस्थेत पाऊस आला असता तर खालच्या खोलीत पोहता आलं असतं. सकाळी सातला सुरुवात केली. मी लाल ट्रॅक्टरवर, मध्या त्या बिनरंगी ट्रॅक्टरवर, मागे नांगर. सदा पुढे चालत दगड वेचत होता.

दुपारी तीनच्या सुमाराला घराच्या कोपऱ्यापाशी मध्याचा ट्रॅक्टर अडकला, हिसका देऊन सुटला. मध्या ओरडला, "सदा, काहीतरी तुटलं!"

सदा गेला, वाकला. बराच वेळ वाकून होता. मग घरात जाऊन आला, पुन्हा वाकला, पायाने माती सारली.

"काय होतं?" मी लांबून विचारलं.

"मूळ. चालू दे!"

अंधार पडता पडता काम संपलं. वहिनींनी गरम पिठलं-भात वाढला. हात इतके भरून आले होते, की घास तोंडापर्यंत नीट जाईना. सदा जेवलाच नाही. आम्हाला वाटलं, दमलाय.

*

रविवारी पाऊस म्हणजे पाऊस! मी आणि मध्या छत्र्या घेऊन सकाळीच सदाकडे. अंगणातून पाणी शहाण्यासारखं घराकडे पाठ करून कुंपणापलीकडच्या ओढ्याकडे चाललं होतं. आम्ही धावत खालच्या खोलीत गेलो. भिंतीला हात लावला. कोरडी! मध्याने कार्पेटवर गाल टेकवला. कोरडं! तो तिथेच आडवा झाला, मग मीही झालो, आणि आम्ही दोन घोडे जमिनीवर पडून लहान पोरांसारखे हसलो. सदाची ऋचा, नऊ वर्षांची, पायरीवरून म्हणाली, "सो आजोबा वोन्ट कॉफ हिअर?"

सदा म्हणाला, "नाही बेटा. इथे नाही खोकणार."

वहिनी वरून म्हणाल्या, "अहो, अप्पांना आत्ताच कळवूया! पण फोन डेड आहे कालपासून."

"पावसाने असेल," सदा म्हणाला. "उद्या ऑफिसातून कंप्लेंट करतो."

मध्या माझ्याकडे बघायला लागला. आदल्या दिवशी पाऊस नव्हता.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "ते मूळ नव्हतं रे. मी फोनची वायर तोडली." मी म्हटलं, "उद्या जोडतील. दोन दिवस फोन नसला तर काय आभाळ कोसळतं?"

हे वाक्य माझं आहे. ते मी विसरू शकत नाही.

*

मंगळवारी सकाळी माझ्या घरी फोन आला. शिकागोहून कोणी अनोळखी कुलकर्णी. साताऱ्याहून सदाच्या धाकट्या भावाने मुंबईच्या मित्राला, मित्राने या कुलकर्णींना, आणि त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या डिरेक्टरीत न्यू जर्सीचं पान काढून सापडेल त्या नावाला, म्हणजे मला, फोन लावला होता. अप्पा सोमवारी पहाटे गेले. शनिवारी रात्री दम लागला म्हणून हॉस्पिटलात नेलं. दीड दिवस शुद्धीवर होते. भाऊ पोस्टात बसून सारखा कॉल बुक करत होता. तिकडे रिंग वाजत होती, फक्त इकडे कोणी उचलत नव्हतं. वायर तुटली तरी फोन करणाऱ्याला रिंग ऐकू येते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

कुलकर्णी सांगत होते, "ते विचारत होते म्हणे, सदाचा फोन लागला का? भाऊ सांगायचा, रिंग वाजतेय, झोपले असतील. तर म्हणाले, झोपू दे."

मी सदाच्या ऑफिसात गेलो. रिसेप्शनपाशी त्याला खाली बोलावलं. माझा चेहरा बघून त्याने एकच विचारलं, "कधी?"

मी म्हटलं, "सोमवारी पहाटे."

त्याने पुन्हा बोटांवर मोजलं. सोमवार, रविवार, शनिवार. शनिवारी थांबला.

*

बुधवारी फोन कंपनीचा माणूस आला. सदाची संध्याकाळची फ्लाइट, बॅग दारात भरून ठेवलेली. अंत्यसंस्कार उरकले होते. निदान दहाव्याला तरी पोचायचं. आम्ही सगळे मागच्या दारात उभे होतो. मध्या रात्रभर झोपला नव्हता. सदाच्या समोर जाऊन म्हणाला, "सदा, वायर मी तोडली. मला माफ कर." सदा अंगणाकडे बघत राहिला.

फोनवाल्याने कोपऱ्यापाशी खणायला घेतलं. माती मऊ होती, चार फावड्यांत वायर लागली. त्याने हाताने वर काढली आणि तो थांबला. मधली हातभर वायर नांगराने ओढून नेलेली. पण उरलेल्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती. आणि पाणी जाऊ नये म्हणून टोकांवर प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबरबँड लावलेलं होतं. पिशवीवर ओक ट्री रोडवरच्या वाण्याचं लेबल. जाडे पोहे, दोन पौंड.

"कोणी केलंय हे?" फोनवाल्याने कौतुकाने विचारलं. "फार नीट काम आहे. अजिबात पाणी शिरलेलं नाही."

मध्या पिशवीकडे बघतच राहिला.

वहिनींनी ती फोनवाल्याच्या हातातून घेतली. लेबल वाचलं. परत वाचलं. मग सदाकडे बघितलं.

सदा म्हणाला, "रविवारी पाऊस येणार होता, विद्या."