वेळेआधी फोडलेला नारळ

मारोतीनं त्या दिवशी माझं ऐकलं की मला चांगलंच बनवलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही एकोडीचे, धान पिकवणारे. ऐन रोवणीच्या तोंडावर आमच्या चांद्या बैलाचं मूत अडलं. सारखा शेपटी उचलून कुंथायचा, पोटाकडे मान वळवून बघायचा, आणि खाली थेंबही नाही. घरगुती काढे पाजून झाले. गुरांच्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर दौऱ्यावर. चांद्या गेला तर चिखलणी खोळंबणार होतीच, पण त्याला मी वासराचा बैल केलेला, त्याचं कुंथणं मला ऐकवेना. मारोतीला म्हटलं, याचं दुखणं तेवढं थांबव, नारळ फोडतो.

दुपारी दुखणं थांबलं. चांद्या मान टाकून शांत बसला. "पाहा, आयकलं देवानं," म्हणत बायकोनं डोळे पुसले. मी तसाच देवळात जाऊन नारळ फोडला. पारावर एक अनोळखी बाई बसली होती. गोंदियाकडून साकोलीला जाताना स्कुटी तापली म्हणून थांबलेली. आनंदात माणूस कोणालाही सांगत सुटतो. तिच्या हातावर प्रसाद ठेवून मी सगळं सांगितलं. तिनं खोबरं तोंडात घातलं नाही.

"पण मूतला का तो?"

"नाही जी. दुखणं गेलं ना पण."

"मंग शांत काहून झाला, दादा? मी ढोरांची डॉक्टर आहो. चला, दाखवा मले."

गोठ्यात चांद्याचं पोट चाचपत तिनं समजावलं. मूत तुंबलं की पिशवी फुगते, ताणानं तिच्यातल्या रक्ताच्या शिरा दबतात. रक्त पोचेनासं झालं की तेवढी जागा काळी पडून मरते आणि चिरते. मग ताण सुटतो, जनावर शांत होतं, आणि मूत पोटात पसरल्यानं शेवटी ते मरतं. मी ज्या कृपेसाठी नारळ फोडला होता, ती ही चीर होती.

साकोलीहून सामान मागवून तिनं आमच्या अंगणातच मूत अडवणारा खडा काढला, पोटातलं पाणी काढलं, नळी घातली. चीर लहान होती, बाकी पिशवीत रक्त खेळत होतं. नळीतून धार लागली तेव्हा बायकोनं त्या धारेलाच हात जोडले. मग बाईनं हात धुतले, ओढणीच्या गाठीत जपून ठेवलेलं खोबरं काढलं आणि खाल्लं.

चांद्या जगला. माझा घोळ मात्र सुटलेला नाही. मी चुकलो नसतो तर देवळात गेलो नसतो, आणि स्कुटी गार झाल्यावर ती बाई निघून गेली असती. मग देवानं माझं मागणं पुरं केलं की माझी चूक कामी लावली? विचार करून थकलो. त्याचे उपकार तर आहेतच, ते कुठून सुरू झाले एवढंच कळत नाही. आता मारोतीसमोर काही मागत नाही, तुला कळेल तसं कर म्हणतो. आणि घरी आल्यावर आधी गोठ्यात जाऊन चांद्याखालची जमीन ओली आहे का ते बघतो.